घड्याळाची वाट आणि मनाची वाट

अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागात रुग्णाला सहसा आधी भेटते ती ट्रायाज नर्स. कोण आधी आलं यापेक्षा कुणाचा जीव जास्त धोक्यात, हे ती पाहते. तिथे त्यासाठी ‘ईएसआय’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी रुळली आहे. ब्रिटनच्या मँचेस्टर पद्धतीत रंग असतात: लाल ताबडतोब, पिवळा ६० मिनिटांत, निळा थेट २४० मिनिटांपर्यंत.

मनगट मुरगळलेल्याला हे कुणी सांगितलंच नाही, तर मागून आलेला आत गेल्यावर त्याचा पारा चढणारच!

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या समाधानाचा संबंध प्रत्यक्ष गेलेल्या वेळेशी जुळला नाही. वाट किती लांबल्यासारखी वाटली, माहिती मिळाली का, वागणूक कशी होती, यांच्याशी जुळला. म्हणूनच अनुभवी नर्स फेरी मारत सांगतात, ‘रक्ताचा रिपोर्ट यायचाय, तासभर लागेल. दुखणं वाढलंय का?’

गोड बोलण्यालाही मर्यादा असतेच. वॉर्डात खाट रिकामी नसली की भरती झालेले रुग्ण इमर्जन्सीतच तासन्‌तास अडकतात. तिकडे याला ‘बोर्डिंग’ म्हणतात. अशा वेळी खोळंबा वरच्या मजल्यावरचा असतो. बोलणी खाते ती खालची नर्स.