घरी आलात? मग जरा थांबा!

डिसेंबर उजाडला की मुलुंड पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. बाकावर नेहमीचे आजी-आजोबा बसलेले असतात. त्यांच्या शेजारी पस्तीस-चाळिशीचा मुलगा किंवा मुलगी, डोळे तारवटलेले, हातात फोन आणि दर दोन मिनिटांनी कंपाउंडरला विचारणा, "अजून किती नंबर आहेत?" न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, सिडनी अशा कुठून तरी दोन-तीन आठवड्यांसाठी घरी आलेली ही मंडळी. लहानपणी गोवर-कांजिण्या घेऊन हीच मुले माझ्याकडे येत. आता तक्रारी वेगळ्या असतात. झोप लागत नाही, पोट बिघडले, डोके जड आहे. आणि शेवटी, आई-बाबा बाहेर गेल्यावर हळूच सांगतात, "डॉक्टरकाका, घरात सारखी चिडचिड होते. इथे सगळे किती हळू चालते हो!"

मुंबईचे उपनगर आणि हळू? वाचकांना हसू येईल. लोकल पळते आहे, एल.बी.एस. मार्गावर गर्दी मावत नाही. पण ही मुले बोलतात ती घराबद्दल. सकाळचा चहा दोनदा होतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला जातो, भाजी निवडायला तास जातो, दुपारी दोन ते चार घर झोपते. बाबांना चपला घालून जिना उतरायला दहा मिनिटे लागतात. तिकडे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक पाळणाऱ्याला हे सोसत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी घेतला आहे.

शरीरातले घड्याळ

या चिडचिडीत स्वभावाचा वाटा थोडा आणि शरीराचा जास्त असतो. आपल्या मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरके यांच्या वेळा तो सांभाळतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा शोध लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखे काटे फिरवून लावता येत नाही. ते उजेडाकडे पाहून दिवसाला साधारण एक तास या हिशेबाने सरकते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात साडेदहा तासांचे अंतर असते. म्हणजे घड्याळ पुरते जुळायला आठ-दहा दिवस सहज लागतात. सुट्टी बहुधा दोन आठवड्यांची! घड्याळ जुळते न जुळते तोच परतीचे विमान उभे राहते.

आतडी आणि यकृत यांनाही स्वतःच्या वेळा असतात. आई दुपारी एक वाजता पुरणपोळी वाढते तेव्हा मुलाच्या पोटात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मग अजीर्ण होते, बद्धकोष्ठ होतो किंवा मध्यरात्री कडकडून भूक लागते. यात अन्नाचा दोष नाही आणि आईचाही नाही.

अपुऱ्या झोपेने माणूस तापट होतो, लहान गोष्ट मोठी वाटते. आई-बाबा हळू झाले आहेत हे खरे, पण पहिल्या चार-पाच दिवसांत ते अधिकच हळू वाटतात ते आपल्या झोपेच्या थकबाकीमुळे.

एका घराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मिठागर रोडकडे राहणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा अमेरिकेहून चौदा दिवसांसाठी आला. कामाची यादी तयारच होती. बँकेत वारसाचे नाव लावणे, पाण्याचे नवे यंत्र, न्हाणीघराच्या फरशा, बोरिवलीची आत्या, घाटकोपरची मावशी, पुण्याचे लग्न आणि आई-बाबांची संपूर्ण तपासणी. शहात्तर वर्षांच्या वडिलांना दोन-तीन महिन्यांपासून चक्कर येत होती, दोनदा भिंत धरून सावरले होते. रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. अहवाल वयाच्या मानाने चांगले आले. बसवून मोजलेला रक्तदाबही ठीक होता. मुलाने अहवाल फाइलला लावला, यादीतले एक काम संपले. इकडे रोज चार पाहुण्यांचा स्वयंपाक करून आईचे गुडघे सुजले.

आठव्या दिवशी मुलालाच जुलाब आणि ताप. मी त्याला दोन दिवस घरातून हलू नकोस असे बजावले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पीत राहायला सांगितले. (चमचा चहाचा, लहान.) पुण्याचे लग्न हुकले म्हणून तो माझ्यावर थोडा रागावलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वडिलांच्या पलंगावर नुसता बसून होता. फोन बाजूला ठेवलेला, करायला काहीच नाही. वडिलांनी जेवणानंतर गोळ्यांचा स्टीलचा डबा उघडला. मुलगा वेळ घालवायला एकेका स्ट्रिपवरची बारीक अक्षरे वाचू लागला आणि चमकला. दोन स्ट्रिपांवरची मोठी नावे वेगळी, रंग वेगळे. पण खाली छापलेले औषधाचे मूळ नाव एकच! रक्तदाबाची एकच गोळी वडील सकाळी एका नावाने आणि रात्री दुसऱ्या नावाने घेत होते. एक मी दिलेली होती. दुसरी, मधल्या काळात छातीत दुखले म्हणून ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते, तिथली.

संध्याकाळी दोघे स्ट्रिपा घेऊन आले. मी वडिलांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा तीसने खाली आला. वीस किंवा अधिकने उतरला तरी आम्ही ते गंभीर मानतो, कारण म्हाताऱ्या माणसाला पाडणारी चक्कर बऱ्याचदा हीच असते. त्या पडण्यातून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सगळेच अवघड होते. एक गोळी कमी केली. पंधरा दिवसांत चक्कर थांबली.

यात चूक माझीही होती, हे कबूल केले पाहिजे. दर महिन्याला मी "गोळ्या घेता ना?" असे विचारत होतो. ते "हो" म्हणत आणि मी पुढचा नंबर बोलवत होतो. डबा आणून दाखवा, असे मी एकदाही म्हटले नाही. घाई फक्त परदेशातून येणाऱ्यांनाच असते असे नाही.

बसल्यावर दिसते ते

वाचकहो, अंगात ताप असताना कुणी मुद्दाम घरी बसावे असे मी म्हणणार नाही. पण जे अहवालात सापडले नाही ते एका रिकाम्या दुपारी सापडले, हे विसरू नये. रोज फोनवर आई-बाबांचा चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो का, कपडे सैल झाले आहेत का, टी.व्ही.चा आवाज वाढला आहे का, एकच गोष्ट तासाभरात पुन्हा सांगितली जाते का, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, हे सगळे घरात त्यांच्या चालीने राहिल्यावरच कळते.

एक गंमत पाहा. अमेरिकेहून आलेल्याला बऱ्याचदा पहाटे तीन-चारला जाग येते. म्हातारपणी झोपेची वेळ अलीकडे सरकते, त्यामुळे वडीलही त्याच सुमारास जागे असतात. तेव्हा फोनमध्ये डोके घालण्याऐवजी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा टाकावा. दिवसभरात न बोलली जाणारी दुखणी त्या वेळी बोलली जातात.

काय करावे?

१. येणाऱ्यांनी पहिले तीन-चार दिवस यादी बाहेर काढू नये. लग्नकार्य, प्रवास, बँक नंतर.

२. दिवसा उजेडात राहावे. अमेरिकेहून आलेल्यांनी पहिले काही दिवस संध्याकाळी उन्हे उतरताना फेरी मारावी, वडिलांच्या चालीने. दुपारची झोप अर्ध्या तासाची, गजर लावून.

३. झोप येत नाही म्हणून बाबांच्या डब्यातली झोपेची गोळी घेऊ नये. इन्सुलिन किंवा मिरगीचे औषध चालू असणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

४. 'आम्ही इथलेच, आम्हाला काय होते' हा भ्रम आहे. निघण्यापूर्वी टायफॉइडच्या लसीबद्दल विचारावे. इथे पाणी उकळलेले, अन्न गरम. शाळेच्या सुट्टीमुळे पावसाळ्यात मुले घेऊन येणाऱ्यांनी डासांपासून जपावे. परत गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना भारतात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे ते मलेरियाची तपासणी करतील.

५. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज व दुखणे किंवा अचानक धाप लागली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. पायातल्या रक्ताच्या गुठळीचे ते लक्षण असू शकते.

६. गोळ्यांचा डबा एकदा सगळा पलंगावर ओतून प्रत्येक स्ट्रिपवरचे मूळ औषधाचे नाव कागदावर लिहावे. नाव दोनदा आले तर स्वतः गोळी बंद करू नये. कागद आणि स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे जावे.

७. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी: पहिल्या तीन दिवसांत पाहुणे बोलावू नका, पाच पदार्थांचा घाट घालू नका. पहिली जेवणे मऊ भात, वरण, ताक यांची असू द्या. मुलगा दुपारी पेंगला किंवा कमी जेवला तर मनाला लावून घेऊ नका. आणि चक्कर, पडणे, विसरणे 'त्याची सुट्टी कशाला खराब करायची' म्हणून लपवू नका.

तो मुलगा पुढच्या डिसेंबरला पुन्हा आला. दवाखान्यात शिरताच मी विचारले, "काय रे, यादी किती मोठी?" तो हसला. "आधी चार दिवस काही नाही, काका. बाबांबरोबर भाजी आणायला जातो. तासभर लागतो, पण परवा कळले की त्यांना डाव्या डोळ्याने भाव वाचता येत नाही."

मोतीबिंदू होता. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली.