दीड लाखांची सरासरी

सुरतेच्या आग्नेयेला, दिंडोलीला खेटून असलेल्या नवागामात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. इथली वंचितता मोजताना उत्पन्नाचा आकडा फारसा भरवशाचा ठरत नाही. यंत्रमागावरची मजुरी मीटरवर, म्हणजे काम मंदावलं की खाली. त्यापेक्षा नळ घरात आहे की बाहेर, शौचालय स्वतःचं की सामायिक, एका खोलीत किती माणसं, हे विचारलेलं बरं. जनगणनेच्या घरयादीत हे सगळं नोंदलं जातं.

घोडं अडतं ते मोजण्याच्या क्षेत्रावर. नीती आयोगाचा १२ निकषांचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक जिल्ह्यापाशी थांबतो. महापालिकेचे प्रभाग ३०. शहराची २०११ ची लोकसंख्या ४४.६७ लाख. म्हणजे एका प्रभागात सरासरी दीड लाख माणसं, आणि त्यात बंगलेवाली सोसायटी नि भाड्याच्या खोल्या एकाच हिशेबात! इंग्लंडमध्ये सुमारे दीड हजार वस्तीच्या तुकड्यांनाही वंचिततेचा क्रमांक मिळतो. आपला जनगणनेचा गणना-गट तर त्याहून लहान, साधारण ६५० ते ८०० माणसांचा. पण त्या पातळीवरचे तक्ते सर्वांसाठी प्रसिद्ध होत नाहीत. २०२७ च्या जनगणनेनंतर तरी, कुटुंबांची ओळख झाकून, ते खुले करावेत.