उडत्या टोप्या आणि शिशाची धूळ

अमेरिकेत झाडलेली पितळी काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद पुष्कळांना आहे. टेबलावर पक्क्या बसविलेल्या हातयंत्रात प्रथम जुना प्रायमर बारीक सळईने ढकलून काढतात. ठासणीच्या बंदुकीची केप ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ही टोपी परकी वाटणार नाही. रुंदी सुमारे ४.४ ते ५.३ मिलिमीटर. ती झेलावयास प्लॅस्टिकची सुपली असते खरी, पण टोपी काठावर आपटून उडते नि जमिनीवर गडगडते. लोहचुंबकही निरुपयोगी, कारण टोपी पितळेची!

प्रश्न केवळ केराचा असता तर केरसुणी पुरे होती. परंतु बहुतेक प्रायमरांत शिशाचे संयुग असते. जळल्यावर उरणाऱ्या काजळीतही शिसे राहते, आणि रांगते मूल जमिनीवरची बोटे तोंडात घालते. म्हणून सुपलीचे काठ पुठ्ठ्याने उंचावणारे गृहस्थ मला सुज्ञ वाटतात. त्याहून नामी युक्ती नळीची. ली कंपनीच्या एका यंत्राचा दट्ट्याच पोकळ असून टोप्या त्यातून पारदर्शक नळीत उतरतात. इतर यंत्रांचे धनी सुपलीला भोक पाडून तशीच नळी जोडतात व तिचे टोक बाटलीत सोडतात. बाटली रिकामी करावी ती घराबाहेर, आणि हात साबणाने धुतल्यावाचून मुलास उचलू नये.