संगणकाची स्मृती : जागावाटपाचा एक विचार

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत संगणकाच्या स्मृतीविषयी लिहावे, हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. माझे आयुष्य मराठी साहित्याच्या अध्यापनात गेले. तथापि आपली मुले ज्या विद्यांकडे वळत आहेत त्यांतील मूलभूत कल्पना मायबोलीत मांडता येतात की नाही, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकाला टाळता येत नाही. याच भोपाळमध्ये १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा परिभाषेचा हाच प्रश्न नव्याने पुढे आला. माझे मत असे की, आधी कल्पना उकलावी आणि मग तिला नाव द्यावे. त्यासाठी एक अवघड विषय मी मुद्दाम घेतला आहे.

आज्ञावली चालू असताना तिला क्षणोक्षणी जागा लागते : नावासाठी, रकमेसाठी, यादीसाठी. ‘सी’सारख्या भाषेत ही जागा मागणे आणि काम संपल्यावर परत करणे, दोन्ही जबाबदाऱ्या लिहिणाऱ्यावर असतात. परत करायची राहिली तर स्मृती भरत जाते. घाईने परत केली तर त्याच जागी दुसऱ्याचा माल येऊन बसतो आणि हिशेब बिघडतो. अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ भाषेविषयीचा आपला निबंध १९६० साली प्रसिद्ध केला. आपल्या शहरातील मौलाना आझाद अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभही त्याच वर्षीचा. त्या निबंधात वेगळा मार्ग आहे : ज्या वस्तूपर्यंत आज्ञावलीला कोणत्याही दुव्याने पोहोचता येत नाही ती निरुपयोगी समजावी, आणि तिची जागा यंत्रणेनेच परत घ्यावी. या क्रियेला ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात. ‘कचरा’ या शब्दापेक्षा मला ‘निर्माल्य’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. वस्तू वाईट नसते, तिचे प्रयोजन संपलेले असते.

निर्माल्य उचलण्याची चर्चा पुष्कळ होते. पण नवी जागा देण्याच्या गतीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे लग्नाच्या पंगतीवरून कळते. ज्याचे जेवण झाले तो उठला आणि त्याच्या जागी नवा पाहुणा बसवला, अशी रीत ठेवली, तर प्रत्येक वेळी रिकामे पान शोधत हिंडावे लागते. रिकाम्या जागांची यादी ठेवली, तरी ती चाळण्यात वेळ जातो. याउलट पंगत एका टोकापासून सलग भरत नेली तर पुढचे पान कोठे, हे विचारावेच लागत नाही. संगणकातही तसेच होते : एक खूण असते, मागितलेल्या मापाने ती पुढे सरकवायची आणि सीमा ओलांडली नाही ना एवढे पाहायचे. हे काम यंत्राच्या मोजक्या सूचनांत होते.

पण पंगत भरल्यावर काय? बहुतेक मंडळी उठलेली असतात. सावकाश जेवणारी दोन-चार उरतात. त्यांची पाने आतल्या ओसरीवर हलवायची, त्यांना शोधत येणाऱ्यांना नवे ठिकाण सांगायचे आणि सारा मांडव एकदमच मोकळा करायचा. येथे श्रम उरलेल्यांच्या संख्येवर अवलंबून असतात, गेलेल्यांच्या नव्हे. बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात, या निरीक्षणावर ही पद्धत उभी आहे. १९८४ साली डेव्हिड अंगर यांनी या पिढीवार पद्धतीचे एक प्रभावी रूप मांडले.

अनेक वाढपी एकाच वेळी पाहुणे बसवू लागले की नवी अडचण येते. प्रत्येकाने दुसऱ्याला विचारून पान द्यायचे ठरवले तर सारेच खोळंबतात. म्हणून ‘जावा’च्या यंत्रणेत प्रत्येक कार्यधाग्याला स्मृतीचा स्वतःचा छोटा पट्टा दिला जातो; तो संपेपर्यंत कोणालाही विचारावे लागत नाही. २००९ साली जाहीर झालेली ‘गो’ भाषा वस्तू हलवीत नाही, म्हणून तिची रीत निराळी. तिच्याकडे लहान वस्तूंसाठी सुमारे सत्तर ठरावीक मापांचे कप्पे असतात आणि मागणीला पुरेसे सर्वांत लहान माप दिले जाते. शोध वाचतो, मात्र प्रत्येक डब्यात थोडी जागा वाया जाते. ज्या वस्तूंत दुसरीकडे नेणारा दुवा नसतो त्या वेगळ्या ठेवतात, म्हणजे निर्माल्य शोधताना त्यांच्या आत डोकावावे लागत नाही.

आणखी एक उपाय म्हणजे जागा मागूच नये. एखादी वस्तू तिला निर्माण करणाऱ्या कार्याबाहेर जात नाही असे भाषांतरक आधीच ओळखू शकला, तर ती त्या कार्याच्या तात्पुरत्या जागेतच राहते आणि कार्याबरोबर संपते. पवईच्या आय. आय. टी.तील उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध याच वाटेवरचा आहे. पोहोचता येणे आणि उपयोगी असणे यांत अंतर आहे : पुष्कळ वस्तूंपर्यंत दुवा असतो, पण पुढे त्यांना कोणी हात लावणार नसतो. जे दुवे पुढे वापरले जाणार नाहीत ते आज्ञावली चालण्यापूर्वीच ओळखून योग्य ठिकाणी तोडावेत, म्हणजे यंत्रणेला अधिक जागा परत मिळेल, असा त्यांचा विचार आहे.

यांपैकी कोणतीही गती फुकट मिळत नाही. पंगत सलग ठेवायची तर ओसरी मोकळी राखावी लागते. पाने हलवायची तर वाढप क्षणभर थांबवावे लागते. घरच्या खेळात तो क्षण जाणवणार नाही. पैशाच्या व्यवहारात किंवा रुग्णाच्या शेजारच्या यंत्रात तोच क्षण फार मोठा ठरू शकतो. म्हणून कोणती रीत उत्तम, याचे एकच उत्तर नाही. काम कोणते आणि थांबणे कोणाला परवडते, हे आधी विचारावे लागते. आपल्या शिक्षकांनी हा विषय शिकवताना प्रथम पंगत फळ्यावर काढावी. इंग्रजी संज्ञा नंतर अवश्य द्याव्यात. तोवर विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ कळलेला असेल.