शुगर, कोंबुचा आणि आंधळगावचे मामा

ऑफिसच्या फ्रीजमध्ये हल्ली कोल्ड्रिंकच्या शेजारी कोंबुचाची बाटली दिसते. 'शुगरवर बेस्ट आहे यार!' असं म्हणत शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण ती पुढे करते. मला मात्र आंधळगावचे मामा आठवतात.

आंधळगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं कोशाचं कापड विणणारं गाव. दिवसभर मागावर बैठक, दोन्ही वेळा ताटात भात. मामा अंगाने काटकुळे, त्यामुळे डायबेटीस निघाला तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. (बारीक आहोत म्हणजे सेफ, हा फंडा सोडा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा आपलाच फोटो छापला. बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२!)

गोळ्यांनी मामांची शुगर खाली आली. मग कुणीतरी 'मुळापासून बरं करणारं' आंबवलेलं चहाचं पाणी आणून दिलं आणि गोळ्या फडताळात गेल्या. तीन महिन्यांनी पायाची जखम भरेना. उपाशीपोटी शुगर ३१०.

म्हणजे कोंबुचा बोगस? तसंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या प्रयोगात टाइप टूच्या पेशंटना चार आठवडे कोंबुचा दिला, तेव्हा उपाशीपोटीची सरासरी शुगर १६४ वरून ११६ वर आली. सही ना? पण प्रयोगात माणसं होती फक्त बारा. शिवाय हे पेय बनतं साखर घातलेल्या चहापासून. जंतू आणि यीस्ट ती साखर खातात, पण किती खातात हे दिवसांवर आणि हवेवर ठरतं. घरच्या दोन बरण्यांत सारखा माल निघत नाही. आपली महालक्ष्म्यांची ज्वारीची आंबील गुणाची खरी, पण शेवटी तेही पीठच. आणि मोहाची दारू? इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर दारूने शुगर एकदम कोसळू शकते. माणूस झोकांड्या देतो आणि लोक म्हणतात, चढली असेल!

'झाडपाला की केमिकल' हे भांडणच मला पटत नाही. बिजाच्या लाकडी पेल्यातलं पाणी आमच्याकडेही प्यायचे. त्याच झाडाच्या, म्हणजे विजयसारच्या अर्काची चाचणी आयसीएमआरने घेतली, ती १९९८ मध्ये छापून आली. आणि मामांनी फेकलेलं मेटफॉर्मिन? त्याचं मूळही युरोपातल्या एका रानटी झुडपात, गोट्स रूमध्ये सापडतं. जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने १९५७ मध्ये ते डायबेटीससाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. फरक एवढाच, की गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे आत ५००च असतात. पेल्यात किती उतरलं, कोण मोजणार? टाइप वनवाल्यांनी तर इन्सुलिन थांबवायचा विचारही करू नये, जिवावर बेतेल.

मामांचा अंगठा वाचला, शेजारचं बोट गेलं. आंबील डॉक्टरांनी बंद केली नाही. भाताऐवजी एक वाटी घ्या आणि दोन तासांनी शुगर मोजा, म्हणाले. गोळ्या आता देवघरात असतात, मामींच्या ताब्यात.

मैत्रिणीला विचारलं, तुझं एचबीएवनसी किती? तिने टेस्ट कधी केलीच नव्हती. सोमवारी सकाळी आम्ही दोघी उपाशीपोटी लॅबमध्ये जातोय.