विरजण आणि ग्रीनफर्डचा जांभळा रंग

मॉरिशसमध्ये रात्री लावलेले दही सकाळी तयार असते. ईलिंगच्या हिवाळ्यात मात्र सकाळी भांड्यात दूधच दिसते. विरजण खराब नसते. थंडीने त्यातील जिवाणूंचे काम मंदावलेले असते. भांडे उबेत ठेवले, की दही लागते. फार तापवले, तर जिवाणूच मरतात.

वाचकहो, उष्णतेने वेग वाढणे ही बहुतेक रासायनिक क्रियांची रीत आहे. उष्णता वाढली की क्रिया घडवण्याइतकी शक्ती अधिक रेणूंजवळ येते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली याचे गणित मांडले.

हाच नियम कारखान्यात धोक्याचा ठरू शकतो. ईलिंग विभागातच ग्रीनफर्ड आहे. तेथे विल्यम पर्किन यांनी १८५७ साली कालव्याकाठी जांभळ्या रंगाचा कारखाना काढला. तो रंग त्यांना आदल्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी सापडला होता. त्यासाठी बेन्झीनवर आम्लांची क्रिया करून नायट्रोबेन्झीन बनवावे लागे. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने आणखी उष्णता निर्माण होते. भांडे वेळीच थंड केले नाही, तर स्फोट होऊ शकतो.

म्हणून मुलांकडून नियम केवळ पाठ करून घेऊ नये. खाली जाळ नसतानाही भांडे तापत असते. आधी थर्मामीटर वाचावा, मगच पुढचा थेंब ओतावा, ही सवय त्यांना लावावी.