अनायक आणि चित्रकादंबरी : संताजी घोरपडे यांच्या निमित्ताने

‘अँटिहिरो’साठी मराठी समीक्षेत ‘प्रतिनायक’ ही संज्ञा अनेकदा योजिली जाते. ती गोंधळ निर्माण करते. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू, रामाच्या संदर्भात रावण, युधिष्ठिराच्या संदर्भात दुर्योधन. अँटिहिरो मात्र कथेच्या केंद्रस्थानीच उभा असतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘अनायक’ ही संज्ञा स्वीकारली आहे. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हा अनायकच, परंतु त्याचे अनायकत्व कृतीच्या नकारातून येते. पराक्रमी, हिंसक आणि स्वतःच्याच कृत्यांनी पछाडलेला अनायक आपल्याकडे विरळा आढळतो.

पाश्चात्त्य चित्रकादंबरीने हा अनायक ठळकपणे उभा केला. फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मधील (१९८६) बॅटमन उतारवयाकडे झुकला आहे. बालपणी डोळ्यांदेखत झालेला आई-वडिलांचा खून त्याची पाठ सोडत नाही आणि न्यायासाठी तो करीत असलेली मारहाण वाचकाला अस्वस्थ करते. हा परिणाम माध्यमाच्या स्वरूपातून साधतो. कादंबरीचा निवेदक विशेषणांच्या साह्याने नायकाच्या क्रौर्याचे समर्थन करू शकतो. चित्रकादंबरीत दोन चौकटींमध्ये कोरी जागा असते. तेथे काय घडले आणि ते कशामुळे घडले, हे वाचकालाच जुळवावे लागते.

या दृष्टीने कुरुंदवाडकडे पाहता येईल. येथील घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखविली जाते. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत आणि ती पाणी पिईनात, ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १६९५ मध्ये दोड्डेरी येथे कासीमखानाचा झालेला दारुण पराभव पाहता त्या दहशतीला आधार होता, हे स्पष्ट होते. मात्र शत्रूला पछाडणाऱ्या या पुरुषाला कशाने पछाडले, हा प्रश्न आपण टाळतो.

१६९६ मध्ये राजाराम महाराजांशी बेबनाव होऊन संताजींनी थेट छत्रपतींच्या फौजेवरच चाल केली. त्या लढाईत पकडलेल्या अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिले आणि नंतर स्वतःचे हात बांधून घेऊन ते महाराजांपुढे उभे राहिले, असे वृत्तान्त सांगतात. १६९७ मध्ये अमृतरावांचे मेहुणे नागोजी माने यांनी संताजींना ठार केले. ते ओढ्यात स्नान करीत असताना हा घात झाला, असे म्हणतात.

गौरवपर चरित्रात हत्तीचा प्रसंग एका वाक्यात आटोपतो आणि नागोजी केवळ फितूर ठरतो. चित्रकादंबरीत हत्तीचा पाय, बांधलेले हात आणि ओढ्याचे पाणी या तीन चौकटी शेजारी येऊ शकतात. त्या पाहणाऱ्याला शौर्य नाकारावे लागत नाही आणि क्रौर्य झाकावेही लागत नाही.

अर्थात, चित्र हिंसेला देखणेही करू शकते. रक्ताचा रंग मोहक झाला की अनायक पुन्हा नायक होतो. म्हणून चित्रकादंबरी वर्गात शिकविताना प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : हे क्रौर्य वाचकाने पाहावे म्हणून चितारले आहे, की साजरे करावे म्हणून?